अनेसिमानं चोरलं, असं कुठं लिहिलंय?

विमलाबाई पहिल्यांदा वर्गात येऊन बसल्या, तेव्हा माझ्या मनात आलं, यांना साळवे काकांनी पाठवलंय.

तसं वाटायला कारण होतं. नाशिक रोडच्या आमच्या चर्चमागे एक पत्र्याचा हॉल आहे. तिथे दर बुधवारी दुपारी चार वाजता मी शास्त्राभ्यासाचा वर्ग घेते. सकाळी शाळेत इतिहास शिकवते आणि बुधवारी बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं. धर्मशास्त्राची पदवी घेऊन परत आले तेव्हा आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनीच, हा वर्ग सुरू करायला सांगितलं होतं. पत्रं नुसती भक्तीनं वाचायची नाहीत, तपासून वाचायची, ही माझी पद्धत. पत्र कोणी लिहिलं, कोणाला, का. मूळ ग्रीक शब्द कोणता. आणि नंतरच्या लोकांनी त्याला काय काय चिकटवलं.

त्या उन्हाळ्यात मी सांगितलं, की इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रावर लिहिणाऱ्याचं नावच नाही, ते पौलाचं म्हणायला आधार फार थोडा आहे. चार दिवसांत पाळकसाहेबांकडे माझ्याविरुद्ध तक्रार गेली. तक्रार करणारे धोंडीराम साळवे, म्हणजे साळवे काका. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, आमच्या पंच कमिटीतले सगळ्यांत जुने पंच. मी वर्गात बोललेली वाक्यं त्यांनी तारखेनिशी लिहून दिली होती. ते स्वतः तर एकदाही वर्गाला आले नव्हते. म्हणजे कोणीतरी त्यांना जाऊन सांगत होतं. पाळकसाहेब मला एवढंच म्हणाले, "चैताली, जपून शिकव."

त्यानंतर महिन्याभरानं विमलाबाई आल्या.

वय साठीच्या आसपास. अंगानं काटक, पाचवारी साडी, केस घट्ट बांधलेले. दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या. चपला काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायच्या आणि पिशवी पायाशी धरून ठेवायच्या. बाहेर चपलांची रांग लागलेली असायची, पण त्यांच्या कधी त्या रांगेत नसायच्या. वही नाही, पेन नाही. बायबल फडक्यात गुंडाळलेलं, ते मांडीवर तसंच. वर्गभर माझ्या तोंडाकडे बघायच्या. आणि वर्ग सुटला की गेटपाशी साळवे काका स्कूटर घेऊन उभे असायचे. विमलाबाई त्यांच्या मागे बसून जायच्या.

आता याचा अर्थ दुसरा काय घ्यायचा? मी सावध झाले. "काही अभ्यासकांना असं वाटतं", "हे एक मत झालं", अशी कुंपणं घालत बोलायला लागले. वर्गातली उज्वला, जी नर्स आहे आणि वर्गात नेहमी मोठ्यानं वाचून दाखवते, ती एकदा म्हणालीसुद्धा, "ताई, तुम्ही हल्ली शिकवताय की जबानी देताय?"

पावसाळा संपल्यावर फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घ्यायचं ठरलं. मी मुद्दाम ते निवडलं. पौलाच्या पत्रांतलं सगळ्यांत लहान, पंचवीस वचनांचं. त्यावर वाद नाही, ते पौलाचंच हे सगळे मानतात. साळवे काकांना लिहून न्यायला काही मिळणार नाही, हा माझा हिशेब.

आमच्याकडे एक जुनी अभ्यासपुस्तिका आहे, तिच्या झेरॉक्स मी वाटल्या. या पत्राच्या वर तिथे ठळक अक्षरात मथळा होता: 'चोरी करून पळालेल्या दासाला क्षमा'. उज्वलानं वाचायच्या आधी मी दोन मिनिटांत गोष्ट सांगितली. फिलेमोन नावाचा एक घरंदाज माणूस, त्याच्या घरात ख्रिस्ती मंडळी जमायची. त्याचा दास अनेसिम. तो मालकाच्या घरात चोरी करून पळाला, तुरुंगात असलेल्या पौलाला भेटला, त्याचं मन पालटलं. मग पौलानं त्याच्याच हाती मालकाला पत्र दिलं, की याला क्षमा कर, याला आता दास नको समजू, भाऊ समज. गोड गोष्ट आहे. लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकलेली.

उज्वलाचं वाचून झालं. मी फळ्याकडे वळले, आणि मागून आवाज आला.

"चोरलं काय त्यानं?"

तीन महिन्यांत विमलाबाई पहिल्यांदा बोलल्या होत्या.

"काय म्हणालात?"

"अनेसिमानं. काय चोरलं? मी सगळं ऐकलं आता. चोरी कुठं लिवलीय?"

मी म्हणाले, "अठरावं वचन बघा. त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल किंवा तो तुझं काही देणं लागत असेल, तर ते मी भरून देईन, असं पौल म्हणतो."

"असेल तर," विमलाबाई म्हणाल्या. "'असेल तर' हाय ना त्यात? मंग चोरलं कशावरनं?"

कोणीतरी पानं उलटली.

"आन् पळाला, ते कुठं हाय?"

"पंधराव्या वचनात. तुझ्यापासून काही काळ दूर झाला, असं आहे."

"दूर झाला. पळाला नाय."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांच्या प्रश्नाचं कौतुक वाटलं नाही. वाटलं, सापळा आहे हा. मी 'चोरी नव्हती' म्हटलं, की काका लिहिणार, ही बाई चर्चच्या पुस्तिकेला खोटं म्हणते. 'चोरी होती' म्हटलं, तर माझीच पद्धत खोटी. मी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "पुढच्या बुधवारी बघू."

गेटपाशी स्कूटर उभी होतीच.

घरी येऊन मी ग्रीक पाठ काढला. खरं तर काढायची गरज नव्हती. मला हे सगळं ठाऊक होतं, यावर मी परीक्षेत वीस गुणांचं उत्तर लिहिलं होतं. पत्रात 'पळाला' हा शब्द नाही. ग्रीकमध्ये पळण्याला सरळ शब्द आहे, पौलानं तो वापरलेला नाही. त्यानं वापरलेलं क्रियापद 'वेगळा केला गेला' असंही वाचता येतं. कोणी केला, ते लिहिलेलं नाही. चोरीचा उल्लेख नाही, फक्त एक 'जर' आहे. चोर आणि पळपुटा ही कथा नंतरच्या शतकांतल्या प्रवचनकारांनी पक्की केली. आताचे काही अभ्यासक म्हणतात, मालकानंच त्याला पौलाकडे पाठवलं असेल. काही म्हणतात, घरात काहीतरी बिनसलं म्हणून मध्यस्थी करा असं सांगायला तो स्वतः गेला असेल. पळाला होता असं मानणारेही पुष्कळ आहेत. हे सगळं माहीत असून मी वर्गात उभी राहून 'चोरी करून पळाला' म्हणाले होते. दासाची गोष्ट म्हटली की चोरी आपोआप तोंडात येते.

पुढच्या बुधवारी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. एका बाजूला 'पत्र म्हणतं', दुसऱ्या बाजूला 'आपण म्हणतो'. वर्गानं एकेक गोष्ट सांगायची आणि ती कुठे जाते ते ठरवायचं. पळाला: आपण. चोरी: आपण. मथळा: आपण, नव्हे, पुस्तिका छापणारा. अनेसिम हे नाव: पत्र. मी सांगितलं की या नावाचा अर्थ 'उपयोगी', दासांना अशी नावं सर्रास ठेवत, आणि पौल त्यावर कोटी करतो, पूर्वी तुला निरुपयोगी होता, आता तुलाही मलाही उपयोगी आहे.

"म्हंजे कामाचा," विमलाबाई म्हणाल्या.

"हो. कामाचा."

"ते मालकानं ठेवलं असंल. आईनं ठेवलेलं नाव काय त्याचं?"

"ते कुठेच लिहिलेलं नाही."

"आन् तो काय बोलला ते?"

"तेही नाही."

त्यांनी मान हलवली. "मंग लिवा की तिकडं. खाली लिवा."

फळ्याच्या तळाशी मी लिहिलं: 'अनेसिम काय म्हणतो: माहीत नाही.'

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी न राहवून विचारलं, "विमलाबाई, हे प्रश्न तुम्हाला कोणी सांगितले?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला खाली बघावं लागलं. "सांगायला कोन पायजे? बसा, सांगते."

आणि त्यांनी जे सांगितलं ते असं.

विमलाबाई हरसूलच्या बाजूच्या एका पाड्यावरच्या. बाराव्या वर्षी नाशिक रोडला देवऱ्यांच्या घरी कामाला आल्या. देवरे सरकारी नोकरीत, घरात बायको आणि लहान मुलगी श्यामला. राहणं, जेवणं तिथंच. पाड्यावर मिशनची एक शाळा होती. तिथले येशुदास मास्तर यांनीच त्यांना या घरी लावलं होतं. दीड वर्षानं एका दुपारी गावाकडचा माणूस आला, म्हणाला तुझी आई आजारी आहे, तुला शेवटच्या गाडीनं घेऊन यायचा निरोप आहे. देवरेबाई बाहेर गेलेल्या. श्यामला अंगणात खेळत होती. विमलानं तिला सांगितलं, आईला सांग, मी गावाला गेले, माझ्या आईला बरं नाही. आणि त्या माणसाबरोबर निघाली.

त्याच संध्याकाळी देवरेबाईंची मोत्याची एक कुडी सापडेना.

आठ दिवसांनी पाड्यावर निरोप आला, पोरगी चोरी करून पळाली. आई नुकतीच उठून बसायला लागली होती. तिनं पोरीचं गाठोडं सोडून झटकलं. "बाई, दुसऱ्या कोनी झटकलं अस्तं तर काय वाटलं नस्तं," विमलाबाई म्हणाल्या. "माझी आई. काय बोलली नाय. नुस्तं झटकून बघितलं."

मग येशुदास मास्तरांनी पत्र लिहिलं आणि तिच्याच हाती दिलं. म्हणाले, हे दे, सगळं ठीक होईल. तिला वाचता येत नव्हतं. शाळा समोर असून ती कधी तिथं बसली नव्हती, ढोरांमागे असायची. पत्र पोलक्यात घालून एस.टी.त बसली. त्र्यंबकला गाडी थांबली तेव्हा सगळे उतरले, ती उतरली नाही, पत्र पडेल म्हणून. तिची खात्री होती की त्यात लिहिलंय, हिनं चोरी केली नाही.

देवरेबाईंनी ते शेजारणींसमोर मोठ्यानं वाचलं. पोरीच्या हातून चूक झाली, लहान आहे, आईच्या मायेनं क्षमा करा, परत कामावर घ्या.

"त्यांनी घेतलं मला. बाई वाईट नव्हती. म्हनली, जा, चहा टाक. पन तवापास्नं चमचा जरी हरवला तरी पयलं माझ्याकडं बगायचे. सा वर्सं होते मी तिथं. मंग लगीन झालं, दुसरीकडं कामं धरली. तिथंबी कुनीतरी सांगायचं, देवऱ्यांकडनं आली ती. चपला बाहेर ठेवत नाय मी. कुनाच्या हरवल्या तर मी तिथं नको."

मी विचारलं, "साळवे काका?"

"त्यांची बायको आठ म्हयन्यापास्नं खाटल्याव हाय. पाचला तिचं आंग पुसायचं अस्तं, म्हून नेतात स्कूटरवर. ते मला काय इचारत्यात ठाव हाय? म्हंत्यात, 'चैतालीनं तुला हे प्रश्न इचारायला शिकवलं का?'"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

इथपर्यंत सगळं बरं होतं. पुढं जे झालं ते माझ्यामुळे.

मला शिकवलंय की एका साक्षीवर विसंबायचं नाही. अनेसिमाची बाजू माहीत नाही म्हणून हळहळणं सोपं होतं. इथे तर एकच बाजू माझ्यासमोर होती, पंचेचाळीस वर्षांनी सांगितलेली. माझ्या मनात किडा शिरला. मास्तर पाड्यावरचे, मुलीला ओळखणारे. त्यांनी सरळ 'चूक झाली' असं का लिहिलं असेल? त्यांना काही माहीत होतं का? विमलाबाईंचा चेहरा आठवला की वाटायचं, शक्यच नाही. मग वाटायचं, चेहरा हा काय पुरावा आहे?

देवऱ्यांचं घर शोधणं अवघड नव्हतं. जुनी कॉलनी पाडून तिथे इमारत झाली आहे. श्यामलाताई आईवडिलांच्या जागेवर मिळालेल्या फ्लॅटमध्ये राहतात. फोन करून एका शनिवारी सकाळी गेले. विमलाबाईंना सांगितलं नाही.

श्यामलाताईंनी दार अर्धंच उघडलं. "तुम्ही चर्चकडून ना? आमच्याकडे प्रचाराचं काही नको हं." मी शाळेचं ओळखपत्र दाखवलं तेव्हा आत घेतलं.

"विमल? हो, होती ना. कामाला चांगली होती. हात जरा..." त्यांनी बोटं मिटून दाखवली. "पण आईनं माफ केलं तिला."

"चोरी झाली हे कशावरून ठरलं?"

"म्हणजे काय! पळून नाही का गेली? आणि पत्र आहे ना. तिच्याच मास्तरांनी कबूल केलंय."

"ती गेली तेव्हा तुम्ही घरी होतात?"

"अंगणात. मला म्हणाली, तिच्या आईला..." श्यामलाताई थांबल्या. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं. "मी आठ वर्षांची होते हो. मैत्रिणी होत्या खेळायला."

"तुम्ही आईला सांगितलंत?"

"हे तुम्ही कशाला विचारताय? कोणी केस वगैरे करतंय का?"

नाही म्हणाले. कुडी कधी सापडली का, ते विचारलं. शेवटपर्यंत नाही, त्या म्हणाल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्या आत गेल्या आणि आईच्या कागदांची एक फाईल घेऊन आल्या. आई कागद टाकून द्यायची नाही, म्हणाल्या. पत्र त्यात होतं. निळ्या शाईचं, घडीवर फाटलेलं. मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि परवानगी मागून मोबाईलवर फोटो काढला.

येशुदास मास्तरांनी लिहिलं होतं: 'पोरीच्या हातून काही चूक झाली असेल, तर ती लहान आहे हे ध्यानी घेऊन क्षमा करावी.'

असेल, तर.

देवरेबाईंनी वाचताना ते गाळलं, की ऐकणाऱ्यांनी गाळलं, की भेदरलेल्या पोरीच्या कानात तेवढंच शिरलं नाही, ते आता सांगता येणार नाही. मास्तरांनी तो शब्द कुठून उचलला ते मात्र मला लगेच कळलं. मिशन शाळेतला माणूस, मालकाला पत्र लिहायचं म्हणजे कोणतं पत्र डोळ्यांपुढे येणार?

मी धावतच विमलाबाईंकडे गेले. वाटलं होतं, केवढी मोठी गोष्ट घेऊन चाललेय. त्या साळवे काकांच्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी फोटो मोठा करून दाखवला. त्या चाळिशीत रात्रशाळेत वाचायला शिकल्या होत्या, सावकाश वाचतात. बोट लावून त्यांनी ती ओळ वाचली. दोनदा वाचली. मग फोन माझ्या हातात दिला.

"हे कुठं मिळालं?"

"श्यामलाताईंकडे."

"तुम्ही गेल्या होत्या? कशाला?"

"पडताळून बघायला."

"काय पडताळायला?"

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"तुमालाबी वाटलं, असंल चोरलं."

"तसं नाही, विमलाबाई. बघा ना, मास्तरांनी 'असेल तर' लिहिलंय. त्यांनी तुम्हाला चोर म्हटलंच नव्हतं!"

"बाई, 'असंल तर' कुनासाठी लिवत्यात? ज्याच्यावर इश्वास नाय त्याच्यासाठी. हिनं केलं नाय, असं लिवायला काय शाई जास्त लागली अस्ती? आन् लिवायच्या आधी मला एकदा इचारलं अस्तं, पोरी, तू घेतलं का? कुनी नाय इचारलं. मास्तरांनी नाय, आईनं नाय. तुम्हीबी तिकडं जाऊन इचारलं. मला नाय इचारलं."

आतून साळवे काकांची बायको हाक मारत होती. विमलाबाई उठून गेल्या.

पुढचे तीन बुधवार दाराजवळची खुर्ची रिकामी राहिली. आणि त्याच काळात दुसरी तक्रार गेली. 'बायबलमधील चोराला निर्दोष ठरवण्याचा प्रकार.' या वेळी पंच कमिटीनं बैठकच बोलावली, रविवारी उपासनेनंतर. पाळकसाहेब, पाच पंच, मी. साळवे काकांच्या हातात वर्गातल्या कोणीतरी काढलेला फळ्याचा फोटो होता, उभ्या रेघेसकट. म्हणाले, "आज म्हणता अनेसिमानं चोरी केली नाही. उद्या म्हणाल, यहूदानं विश्वासघात केला नाही. पोखरत पोखरत कुठपर्यंत जाणार?"

मी म्हणाले, "काका, केली नाही असं मी म्हणत नाही. पत्रात लिहिलेलं नाही, एवढंच म्हणते."

"एकच ते!"

"एक नाय."

विमलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पिशवी हातातच. मला वाटलं, आता या माझ्याबद्दल सांगणार, आणि सांगितलं तर ते खरंच असेल.

त्या माझ्याकडे न बघता साळवे काकांना म्हणाल्या, "दादा, तुमच्या घरात मी आठ म्हयने येते. कपाट कुठं, चाव्या कुठं, मला ठाव हाय. मालकीन खाटल्याव. उद्या एखादी वस्तू दिसली नाय, तर तुमी काय म्हनाल? विमला आली होती, असं म्हनाल का विमलानं घेतली, असं म्हनाल?"

काका म्हणाले, "तुझा काय संबंध इथे?"

"सांगा की."

काका तसे खोटं बोलणारे नाहीत, हे मी त्यांच्याबद्दल त्या दिवशी शिकले. ते चष्मा पुसत म्हणाले, "पहिल्यांदा मनात तुझंच नाव येईल." आणि मग हळू आवाजात, "मागच्या महिन्यात हिच्या गोळ्यांची डबी सापडत नव्हती, तेव्हा आलं होतं. उशीखाली होती."

"मनात येतं ते जातं. पन लिवू नका," विमलाबाई म्हणाल्या. "लिवलं की ऱ्हातं." आणि गेल्या.

वर्ग बंद झाला नाही. पाळकसाहेबांनी निर्णय दिला तो त्यांच्या स्वभावाला धरून होता: वर्ग चालू ठेवावा, फळ्याचे फोटो काढू नयेत. पुस्तिकेतला मथळा बदलावा असं मी सुचवलं. ते पुढच्या छपाईच्या वेळी बघू म्हणाले, आणि ती छपाई काही होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. साळवे काका मात्र दोन आठवड्यांनी वर्गाला येऊन बसले. वही-पेन घेऊन, पहिल्या रांगेत. "आता दुसऱ्याकडून ऐकून लिहिणार नाही," म्हणाले. "स्वतः ऐकून लिहीन." अजून लिहितात. अजून माझी वाक्यं तपासतात.

मी विमलाबाईंच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. मीच विचारलं, जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. "विमलाबाई, तुम्ही ती कुडी घेतली होती का?"

"नाय," त्या म्हणाल्या. आणि माझा कप उचलत, "बरं केलं इचारलं."

श्यामलाताईंचा एकदा फोन आला. म्हणाल्या, विमलला सांगा, तिनं मला सांगितलं होतं गावाला जातेय म्हणून, मी आईला सांगायचं विसरले. नंतर घाबरून बोलले नाही. तुम्हीच सांगा, मला नको फोनवर बोलायला. मी निरोप दिला. विमलाबाईंनी ऐकून घेतला आणि विचारलं, "हे ती आपसूक बोलली, का तुम्ही बोलवून घेतलं?" आपसूक, म्हटलं. त्यांना ते पटलं की नाही, मला कळलं नाही.

कुडी कुठे गेली, हे कोणालाच माहीत नाही. विमलाबाईंनी घेतली नाही, हे मला माहीत आहे. कशावरून, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे दाखवायला कागद नाही.

जानेवारीत त्या परत यायला लागल्या. त्याच खुर्चीवर. तेव्हा आम्ही कलस्सैकरांना लिहिलेलं पत्र वाचत होतो. शेवटच्या अध्यायात उज्वला वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "ताई, इथे अनेसिम आहे!" खरंच आहे. तो येतो आहे, विश्वासू आणि प्रिय भाऊ आहे, तुमच्यातलाच आहे, एवढंच. दास नाही, चूक नाही, 'जर' नाही.

सगळ्यांनी मागे वळून विमलाबाईंकडे बघितलं. त्या पुढे सरकून बसल्या होत्या. "परत वाच," म्हणाल्या. उज्वलानं परत वाचलं.

"हे पौलानंच लिवलं ना?"

साळवे काकांनी पेन उचललं. काय सांगावं लागणार ते मला माहीत होतं.

"खात्री नाही," मी म्हणाले. "या पत्राची भाषा, वाक्यांची घडण इतर पत्रांपेक्षा वेगळी आहे. बऱ्याच अभ्यासकांना शंका आहे, की हे पौलानंतर त्याच्या कोणा शिष्यानं त्याच्या नावानं लिहिलं असावं. काहीजण पौलाचंच मानतात."

विमलाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू आलं. खांदे हलेपर्यंत हसल्या, डोळे पुसले.

"एका ठिकानी बिचाऱ्याचं चांगलं लिवलं," त्या म्हणाल्या, "तर त्याच्यावर तुमची शंका."

"काय करू, विमलाबाई?"

"काय नाय. असू द्या शंका. पोरी, पुढं वाच."